सिंहगड रोडवर महिनाभर गाड्या धुतल्या, त्याबद्दल

पहिले चार दिवस मला एकाही गाडीला हात लावू दिला नाही. नुसती कापडं धुवायची. मामेभावाच्या ओळखीनं पुण्यात सिंहगड रोडला एका डिटेलिंगच्या (गाडी आतून-बाहेरून बारकाईनं साफ करून चमकवायच्या) दुकानात महिनाभर शिकायला गेलो होतो, पगार नाही आणि फी पण नाही, सकाळी नऊ ते रात्री आठ पडेल ते काम करायचं आणि बघून शिकायचं असा सरळ व्यवहार. कराडला हायवेच्या बाजूला आमची थोडी जागा आहे, तिथं वॉशिंग सेंटर टाकायचं दोन वर्षं डोक्यात घोळतंय, आणि मला वाटायचं की त्यात शिकण्यासारखं काय असतं, पाण्याचा प्रेशर पंप घेतला, रॅम्प बांधला, दोन पोरं ठेवली की झालं. तिथले जे मुख्य कारागीर आहेत त्यांना सगळे दादा म्हणतात, त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि समोर मायक्रोफायबरच्या कापडांची बादली ठेवली.

आता या कापडांबद्दल आधी सांगतो कारण सगळं तिथूनच सुरू होतं. मायक्रोफायबर म्हणजे पॉलिस्टर आणि पॉलिअमाइड, साधारण 80-20 किंवा 70-30, आणि त्याचा धागा केसापेक्षा कितीतरी बारीक चिरलेला असतो म्हणून तो धूळ पोटात घेतो, साध्या सुती कापडासारखी पुढं ढकलत नेत नाही. पण घेतलेली धूळ तो सोडतही नाही सहजासहजी, म्हणून धुणं महत्त्वाचं. कोमट पाणी, लिक्विड डिटर्जंट, कम्फर्ट वगैरे अजिबात घालायचं नाही कारण ते धाग्यावर थर धरतं आणि कापड पाणी प्यायचं बंद होतं. सुती कपड्यांबरोबर टाकायचं नाही, त्याची लव चिकटते. सावलीत वाळवायचं. चाकांची कापडं वेगळी, काचेची वेगळी, पेंटची वेगळी, आतली वेगळी, सगळ्यांचे रंग ठरलेले, आणि चाकाचं लाल कापड चुकून पेंटच्या पिशवीत गेलं तर दादा अख्खी पिशवी परत धुवायला लावतात. तिसऱ्या दिवशी माझ्या हातून एक कापड फरशीवर पडलं, मी उचललं, झटकलं आणि घडी घालायला लागलो तर दादा लांबून म्हणाले, "ते आता पेंटचं राहिलं नाही बाळा, चाकाच्या बादलीत टाक." मला तेव्हा ते अति वाटलं होतं.

पाचव्या दिवशी त्यांनी एक काळी गाडी आत घेतली, शटर अर्धं खाली ओढलं आणि बोनेटवर एलईडी टॉर्च तिरका धरला. बाहेर उन्हात मला ती गाडी चकचकीत दिसली होती. टॉर्चखाली अख्ख्या बोनेटवर कोळ्याचं जाळं पसरल्यासारखे गोल गोल बारीक ओरखडे, हजारोंनी. याला स्वर्ल मार्क म्हणतात. मालकानं गाडी कुठं घासली नव्हती, कुणी किल्लीनं रेघ मारली नव्हती, एक माणूस रोज सकाळी सोसायटीत येऊन गाडी पुसून जायचा तेवढंच. एक बादली, एक फडकं, दहा-पंधरा गाड्या, चौथ्या गाडीपर्यंत बादलीच्या तळाला वाळू. मी त्या पुसणाऱ्या माणसाला दोष देत नाही, त्याला महिन्याला गाडीमागं पाच-सहाशे रुपये मिळतात आणि आठच्या आत सगळ्या उरकायच्या असतात, शिवाय त्याला कुणी हे कधी सांगितलेलंच नसतं. पुण्यात तर बांधकामांची धूळ आहे, ती साधी माती नसते, तिच्यात सिमेंट आणि बारीक कच असते. कोरड्या गाडीवर ती धूळ कापडानं ओढली की पॉलिश पेपर फिरवल्यासारखंच होतं.

आणि फिरवतो कशावर ते दादांनी मीटर लावून दाखवलं. पेंटची जाडी मोजायचं छोटं यंत्र असतं, बोनेटला टेकवलं की मायक्रॉनमध्ये आकडा येतो. पत्र्यावर प्रायमर, रंग, क्लिअर कोट असं सगळं मिळून कंपनीचा पेंट साधारण 100 ते 140 मायक्रॉन भरतो, त्यातला वरचा पारदर्शक थर म्हणजे क्लिअर कोट 35 ते 50 च्या आसपास. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन. म्हणजे गाडीची जी काय चमक आपण बघतो ती केसापेक्षा पातळ थरावर उभी असते, आणि पॉलिशचं मशीन मारलं की त्यातलेच काही मायक्रॉन जातात, परत येत नाहीत. मी हे ऐकून खरंच गप्प झालो कारण घरी आप्पा गेली आठ-नऊ वर्षं रोज सकाळी चहाच्या आधी जुन्या बनियननं कोरडी गाडी पुसतात आणि आम्ही सगळे त्याचं कौतुक करत आलोय.

मी गेलो तो दिवस अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवसाचा, त्यामुळे त्या आठवड्यात दुकानात निम्म्या गाड्या गुलालाच्या. त्यातली एक अर्टिगा मी आयुष्यभर विसरणार नाही. विसर्जनाहून दहा जण तसेच गुलालात माखून गाडीत बसले असणार, छताचं जे करड्या रंगाचं कापड असतं त्यावर पंजे उमटलेले, एसीच्या जाळ्यांत गुलाल, सीट बेल्ट गुलाबी, सीटच्या शिलाईत भरलेला. माझा पहिला विचार ओलं कापड घेऊन सुरू करायचा, आणि तिथंच सगळे चुकतात. गुलालात रंग असतो, कोरडा आहे तोपर्यंत ती नुसती पावडर आहे, पाणी लागलं की तो रंग सुटतो आणि कापडात उतरतो, मग जन्मभर घासत बसा. मालकाला फोनवरच सांगितलं होतं की एसी लावू नका, काचा खाली करून या. दादांनी एका हातात हवेची गन घेतली, दुसऱ्या हातात व्हॅक्यूमचा पाइप, आणि गन मारतील तिथंच पाइप धरायचा म्हणजे उडालेला गुलाल थेट आत, असं छतापासून खाली सीट, मग सीटच्या खालचे रूळ, मग मॅट. मी पुढं पुढं मऊ ब्रश फिरवत होतो. चार तास आम्ही पाण्याचा थेंब वापरला नाही.

त्यानंतर छत. छताचं कापड आत फोमवर गोंदानं चिकटवलेलं असतं, जास्त भिजवलं की गोंद सुटतो आणि कापड झोळीसारखं खाली लोंबतं, म्हणून क्लीनर छतावर मारायचा नाही, हातातल्या कापडावर मारायचा आणि नुसतं टेकवून टेकवून रंग उचलायचा, घासायचं नाही. क्लीनर म्हणजे एपीसी, ऑल पर्पज क्लीनर, एकाला दहा पाणी असं पातळ केलेलं. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून चिमट्यानं अडकवून ठेवला, ब्रशनं धुतला, कापडात दाबून दाबून पाणी काढलं आणि रात्रभर तसाच ताणून वाळवला, ओला आत सोडला तर वास मारतो. केबिन फिल्टर बदलायलाच लागला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागं असतो तो, बाहेर काढला तर नुसता गुलालाचा थर. दोन दिवस गेले त्या गाडीवर. मागच्या सीटच्या एका शिलाईत थोडी गुलाबी छटा राहिलीच, ती कशानंच गेली नाही, आणि दादांनी गाडी देताना पहिल्यांदा तीच जागा मालकाला दाखवली, मग बाकीचं काम. मला ते फार आवडलं.

पितृपक्ष तर मी गेलो त्याच सुमाराला लागला होता. ज्यांचा गाड्यांशी संबंध नाही त्यांना कदाचित कल्पना नसेल, पण या पंधरवड्यात लोक नवीन गाडी घेत नाहीत, त्यामुळे कोटिंगची, पीपीएफची (म्हणजे पेंटवर संरक्षक थर किंवा फिल्म चढवायची) कामं एकदम थंडावतात आणि दुकानात बसायला वेळ मिळतो. माझं खरं शिक्षण त्या पंधरा दिवसांत झालं. बाहेरून गाडी धुवायची पद्धत दादांनी माझ्याकडून रोज करून घेतली, एकाच जुन्या गाडीवर, हात बसेपर्यंत.

आधी चाकं. का तर सगळ्यात घाण तिथं असते आणि चाकं शेवटी धुतली की त्याचे शिंतोडे धुतलेल्या दारावर येतात. ब्रेक पॅड झिजतो त्याच्या भुकटीत लोखंडाचे कण असतात, ते गरम गरम जाऊन अलॉयला चिकटतात, तपकिरी ठिपके दिसतात ते हेच. त्यावर आयर्न रिमूव्हर मारला की दोन-तीन मिनिटांत जांभळं पाणी गळायला लागतं, वास सडक्या अंड्यासारखा, मास्क लावूनच करायचं. वाळू द्यायचं नाही, लगेच धुवायचं. आणि चाकं थंड असताना, आत्ता हायवेवरून आलेल्या गाडीच्या चाकावर पाणी मारायचं नाही.

मग नुसतं पाणी, वरून खाली, प्रेशर गन हातभर लांब धरून. जवळ धरली तर सुटत आलेला पेंट, स्टिकर, दाराचं रबर यांचं नुकसान होतं. मग फोम. हा जो पांढरा फेस सगळ्या रीलमध्ये दिसतो त्याचं काम दिसणं हे नाहीच, तो चार-पाच मिनिटं गाडीवर बसतो, धूळ भिजवतो, फुगवतो आणि घेऊन खाली घसरतो. तेवढा वेळ थांबणं हेच अवघड जातं, हात शिवशिवतात, वाटतं की आता घासूया. दादा मला तेव्हा मुद्दाम चहा आणायला पाठवायचे. फोम पाण्यानं उतरवल्यावर मग पहिल्यांदा हात लावायचा, तोही दोन बादल्यांनी. एकीत शॅम्पू, दुसरीत नुसतं पाणी आणि दोन्हींच्या तळाला जाळी. हातमोज्यासारखा मिट शॅम्पूत बुडवायचा, एक पॅनल धुवायचं, मग साध्या पाण्याच्या बादलीत जाळीवर घासून घाण सोडायची आणि मगच परत शॅम्पूत. आधी टप, मग काचा, बोनेट, दारांचा वरचा भाग, आणि दाराखालची पट्टी आणि मागचा बंपर सगळ्यात शेवटी कारण रस्त्यावरची वाळू तिथं असते. सरळ रेषेत हात फिरवायचा, गोल गोल नाही. पहिल्या दिवशी मी शेवटी दुसऱ्या बादलीतलं पाणी ओतून दिलं तेव्हा तळाला चमचाभर बारीक वाळू निघाली, फोम मारून, दोनदा पाणी मारून सुद्धा. ती वाळू मी हातात घेऊन चिमटीत चोळून बघितली, कराकरा लागते. हे सगळं एरवी बोनेटवर फिरलं असतं.

शॅम्पू पीएच न्यूट्रलच हवा. भांड्यांचं लिक्विड आणि निरमाची पावडर यांनी गाडी स्वच्छ होते यात वाद नाही, पण त्यानं वॅक्स पण निघून जातं, प्लास्टिक आणि रबर कोरडं पडतं. आमच्याकडं हायवेला अजूनही खालून डिझेल मारायची पद्धत आहे, लोक हौसेनं मारून घेतात, गाडीचं पोट काळंभोर चमकतं म्हणून. त्या डिझेलनं खालची रबरं फुगतात आणि वर धूळ चिकटून बसते ती वेगळीच. माझ्या सेंटरला मी डिझेल ठेवणार नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

पुसणं. इथं पाण्याचा विषय येतो. दुकानात टँकरचं आणि बोअरचं पाणी, पाण्यातले क्षार मोजायचा टीडीएस मीटर टाकला की 700 च्या वरचा आकडा. असलं पाणी उन्हात गाडीवर वाळलं की पाणी उडून जातं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम मागं राहतं, तेच पांढरे गोल डाग. आठवड्याभराचे असतील तर एकाला एक पाणी घालून पातळ केलेल्या व्हिनेगरनं निघतात (लावायचं, मिनिटभर थांबायचं, भरपूर पाण्यानं धुवायचं), वर्षभराचे असतील तर ते क्लिअर कोटमध्ये खड्डा करून बसलेले असतात आणि पॉलिशशिवाय इलाज नाही. म्हणून उन्हात गाडी धुवायचीच नाही, आणि धुतली की लगेच जाड टॉवेल, 800-1000 जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजन), बोनेटवर पसरायचा आणि दोन्ही टोकं धरून हळू अंगाकडं ओढायचा. दाबायचा नाही. आरसे, हँडल, नंबर प्लेटच्या मागं पाणी लपून बसतं आणि पाच मिनिटांनी ओघळ काढतं, तिथं ब्लोअर.

यात एक चूक माझ्याकडून झाली ती लिहितोच. वीसेक दिवस झाले होते, एक काळी क्रेटा तयार होऊन बाहेर उभी, गिऱ्हाईक दहा मिनिटांत येणार आणि बोनेटवर कबुतरानं घाण केली. मी घाईघाईत खिशातलं स्वच्छ मायक्रोफायबर काढलं आणि पुसून टाकलं. स्वच्छ कापड होतं, पेंटचंच होतं, पण कोरडं, आणि पक्ष्यांच्या विष्ठेत दाण्यांचे आणि वाळूचे कण असतात, आम्ल असतं ते वेगळं. तीन-चार इंच लांब रेघा उठल्या, टॉर्च न लावता दिसतील अशा. पोटात गोळा आला. दादा एक शब्द बोलले नाहीत, गिऱ्हाइकाला फोन लावून सांगितलं की आमच्या हातून बोनेटला रेघ गेली आहे, दोन तास द्या. मग मीटर लावला, 118 आला, म्हणाले चालेल. मऊ पॅड, बारीक पॉलिश, डीए म्हणजे पॉलिशचं मशीन कमी स्पीडला, आणि मशीन माझ्या हातात दिलं. मी फिरवत होतो आणि डोक्यात एकच, की हे जे पांढरं पॅडवर येतंय ते त्या माणसाच्या गाडीचं क्लिअर कोट आहे, माझ्या दहा सेकंदांच्या घाईमुळे निघतंय. रेघा गेल्या. गिऱ्हाईक चांगला होता, काही बोलला नाही. त्या दिवसापासून माझ्या खिशात पाण्याची छोटी स्प्रे बाटली असते, विष्ठा दिसली की ओलं कापड वर ठेवायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि मग उचलून घ्यायची. झाडाखाली गाडी लावणाऱ्या सगळ्यांनी एवढं तरी करा, आणि त्याच दिवशी करा, उन्हात दोन दिवस राहिली तर डाग पेंटमध्ये उतरतो.

आतल्या कामाबद्दल गुलालाच्या गाडीत बरंच आलंय. फक्त डॅशबोर्डबद्दल बोलायचंय. गिऱ्हाइकाला डॅशबोर्ड तेल लावल्यासारखा चमकायला हवा असतो, आणि सिलिकॉनचं पॉलिश मारलं की तो चमकतो सुद्धा, पण दुपारी त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि ड्रायव्हरला रस्ता नीट दिसत नाही, वर धूळ दुप्पट चिकटते. ओल्या कापडानं आणि पातळ एपीसीनं पुसलेला, मॅट दिसणारा डॅशबोर्ड हाच स्वच्छ डॅशबोर्ड. स्टिअरिंग आणि पेडलला तर कसलंच पॉलिश कधीच लावायचं नाही, पाय सटकला की संपलं. लहान पोरं असलेल्या गाडीत सीटच्या रुळात काय काय सापडतं ते लिहीत नाही, पण चिवडा आणि शेव यांच्यासाठी दुकानात वेगळा बारीक नोझल ठेवलाय.

शेवटचा आठवडा नवरात्राचा आणि खंडेनवमीला तर श्वास घ्यायला वेळ नव्हता, सगळ्या पुण्याला त्याच दिवशी गाडी धुवून हवी असते. आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच गाड्या परत, बोनेटवर ओल्या हळदी-कुंकवाचा स्वस्तिक घेऊन. पूजा व्हायलाच पाहिजे, आमच्या घरी पण होते. फक्त स्वस्तिक पेंटऐवजी समोरच्या काचेवर कोपऱ्यात काढला तर तेवढाच शोभतो आणि काचेवरून सहज निघतो. पांढऱ्या गाडीवर हळदीचा पिवळा डाग राहिलाच तर घासू नका, धुवा आणि चार दिवस उन्हात लावा, हळदीचा रंग उन्हानं उडतो, आपल्या आयाबाया हळदीचे कपडे उन्हात टाकतात तसंच. झेंडूची माळ तारेनं बांधू नका, सुती दोऱ्यानं बांधा, वाऱ्यानं तार हलून ग्रिलचा पेंट जातो. नारळ गाडीपासून दोन पावलं लांब फोडा.

कराडला परत आलो ते दादांनी दिलेला जुना टॉर्च घेऊन. दुसऱ्या दिवशी पहाटे आप्पा बनियन घेऊन बाहेर आले, मी आधीच गाडीपाशी. 2014 ची पांढरी वॅगनआर, पांढऱ्यावर स्वर्ल दिसत नाहीत लवकर, म्हणून टॉर्च अगदी तिरका धरला आणि त्यांना म्हटलं, आप्पा हे बघा. त्यांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं. म्हणाले, "हे मी केलं?" मला पटकन काही बोलता आलं नाही. मग म्हटलं, हाताला येणारी वाळू करते हे, तुम्ही नाही. मशीन मारून सगळं काढून देतो म्हणालो तर नको म्हणाले, आणि मलाही ते बरोबर वाटलं, दहा-अकरा वर्षांच्या गाडीवर किती थर उरलाय ते मीटरशिवाय कळणार नाही आणि मीटर घ्यायला अजून पैसे जमायचेत.

आता रविवारी आम्ही दोघं मिळून धुतो, चाळीस लिटर पाण्यात होते. दोन बादल्या, तळाला भाजी धुवायची प्लास्टिकची जाळी कापून बसवलीय, ती पण चालते. फोमचा पंप हाताचाच आहे, बागेत फवारणीला मिळतो तसला. आणि फोम मारला की आप्पा घड्याळ बघत पायरीवर बसतात, मी चहा आणतो.